साइडपट्टी नक्की कोणाची?

प्रश्न : आमच्या रोडला आता पांढऱ्या रेघेबाहेरही डांबर टाकलंय. मोटारसायकलवाल्यानं तिथून जावं का? पोरगं म्हणतं, ती पट्टी गाड्या उभ्या करायला आहे. आणि त्यानं रस्ता खरंच सुरक्षित होतो, का नुसतं गुत्तेदाराचं बिल वाढतं?
— एक शेतकरी, ता. मानवत, जि. परभणी

उत्तर : दादा, मी बांधकाम खात्यात असताना या साइडपट्ट्या मुरमानं भरून घ्यायचो. दिवाळीनंतर भरायच्या, पुढच्या पावसात वाहून जायच्या. आपली काळी माती पाण्यानं फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मग डांबराची कड तुटते आणि तिथं चार बोटांची पायरी पडते.

ती पायरी काय करते ते मी भोगलंय. समोरून ट्रक आला म्हणून एम-एटी खाली उतरवली. परत वर घेताना चाक कडेला घासतच राहिलं, मी हँडल आणखी वळवलं, चाक एकदम चढलं आणि गाडी थेट उलट्या बाजूला. तेव्हा समोर कोणी नव्हतं, म्हणून हे उत्तर लिहितोय. असं झालं तर आधी वेग पार कमी करा, मग वर घ्या.

पक्की पट्टी ही पायरी चाकापासून लांब नेते, पाणीही रस्त्याखालच्या भरावापासून दूर ठेवते. 7 मीटरच्या दुपदरी रस्त्याला दोन्हीकडे दीड-दीड मीटर दिलं की 10 मीटर होतात. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड काँग्रेस या संस्थेनं 1990 सालीच अशा पट्टीमुळे रस्त्याची क्षमता 15 टक्के वाढते असं धरलंय. उसाचं ट्रॅक्टर बाजूला सरकलं की मागची रांग सुटते, एवढंच त्यामागचं गणित. तेव्हा बिल वाया गेलं असं मी म्हणणार नाही.

तुम्ही हळू जाणार असाल तर पट्टीवरून जा, पण आपल्याच दिशेनं. पंपावर जायला उलट्या बाजूनं येणारे मी रोज बघतो. पोराचंही अर्धं खरं आहे. बंद पडलेली गाडी तिथंच घ्यायची, दिवे लुकलुकत ठेवून. पण रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली रात्री तिथं सोडून जेवायला जाणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 122 खाली गुन्हा आहे. पट्टीला तिसरी लेन समजून डावीकडून कट मारणारे अशाच ट्रॉलीवर आदळतात.

आणि ऑक्टोबरात पट्टीवर सोयाबीन वाळत घालतात, भोवती दगड मांडून. माल घरी जातो, दगड तिथंच राहतात. त्यात तुमचेही असतील, तर तेवढे उचला.