लायब्ररी आहे, तरी सापडत नाही

प्रश्न : लिनक्सवर सोर्समधून प्रोग्रॅम बिल्ड करताना ‘झेडलिब.एच सापडत नाही’ म्हणत कॉन्फिगर (बिल्डआधी तपासणी करणारी स्क्रिप्ट) थांबतं. झेडलिब ही डेटा कॉम्प्रेस करणारी लायब्ररी तर मशीनवर आहे!

उत्तर : आहे ती फक्त चालवण्यापुरती. कंपाइलरला हेडर फाइल (लायब्ररीतल्या फंक्शन्सची ओळख देणारी, इथे झेडलिब.एच) लागते आणि ती वेगळ्या पॅकेजात असते. डेबियन-उबुंटूत त्याच्या नावाच्या शेवटी ‘डेव्ह’, फेडोरात ‘डेव्हल’. म्हणून चालवण्याच्या लायब्ररी दाखवणाऱ्या ‘एलडीकॉन्फिग’ कमांडच्या यादीत झेडलिब दिसली तरी हुरळू नका, तिथे हेडरचा पत्ताच नसतो. बिल्डआधी ‘पीकेजी-कॉन्फिग’ला (लायब्ररींची माहिती देणारी कमांड) झेडलिबचं ‘मॉडव्हर्जन’, म्हणजे आवृत्ती विचारा, १.३ वगैरे आकडा आला, तर डेव्ह पॅकेज आहे. तरी अडलंच, तर पडद्यावरची शेवटची ओळ सोडा आणि कॉन्फिगरने लिहिलेली ‘कॉन्फिग.लॉग’ फाइल उघडा. कंपाइलरची खरी तक्रार तिथे असते. पॅकेज टाकल्यावर कॉन्फिगर पुन्हा चालवायचं, नुसतं मेक (प्रत्यक्ष बिल्ड करणारी कमांड) नव्हे.