.२२ स्पोर्ट पिस्तुलासाठी दुसऱ्या कंपनीचे स्वस्त मॅगझिन भरवशाचे आहे की नाही, हे कसे ओळखावे?

तुमचा प्रश्न असा आहे की, कोल्हापुरात नेमबाजीच्या २५ मीटर पिस्तूल प्रकाराचा सराव करताना तुम्हाला आणखी दोन मॅगझिने, म्हणजे पिस्तुलात बसणाऱ्या काडतुसांच्या पेट्या, हव्या आहेत, मूळ कंपनीचे मॅगझिन परवडत नाही, विक्रेता दुसऱ्या कंपनीचे मॅगझिन जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीत देतो आहे, आणि ते घेण्यासारखे आहे का हे आधीच कसे ठरवावे. मी प्रेस टूलच्या व्यवसायात आहे, म्हणजे पत्रा कापणे, दुमडणे आणि त्यासाठी डाय, म्हणजे साचे, बनवणे हे माझे रोजचे काम आहे, आणि त्याच्या जोडीने बरीच वर्षे रेंजवर पिस्तूल चालवत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की विकत घेण्याआधी ते पुरते ठरवता येत नाही. स्वस्त मॅगझिनचा खरा दोष ते सरसकट वाईट असते हा नसून नगागणिक फरक पडतो हा आहे. एकाच खोक्यातले एक मॅगझिन वर्षानुवर्षे तक्रार न करता चालते आणि शेजारचे पहिल्याच दिवशी अडकते. त्यामुळे ‘अमुक कंपनी चांगली का?’ या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही. ‘हे मॅगझिन, माझ्या पिस्तुलात, माझ्या काडतुसांसह चालते का?’ एवढाच प्रश्न तपासता येतो.

‘मूळ कंपनीचे’ या शब्दांनाही फार भुलू नये. इटलीतील मेक-गार ही कंपनी मॅगझिनेच बनवते आणि अनेक नामांकित पिस्तूल कंपन्या तिच्याकडून आपली मॅगझिने करून घेतात, म्हणजे पिस्तुलावर एक नाव आणि मॅगझिनमागे दुसराच कारखाना असे सर्रास असते. फरक पडतो तो मापे कोणी ठरवली आणि प्रत्येक नग कोणी तपासला यामुळे.

.२२ च्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक होतो, त्याचे कारण काडतुसाच्या आकारात आहे. या काडतुसाचे अंग सुमारे ५.७ मिलिमीटर, तर बुडाची कडा सुमारे ७ मिलिमीटर व्यासाची असते. ही बाहेर आलेली कडा मॅगझिनमध्ये एकावर एक नीट बसली नाही, म्हणजे वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेमागे गेली, तर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा भाग, वरचे काडतूस पुढे ढकलताना खालच्यालाही ओढते आणि दोन्ही अडकतात. भरताना प्रत्येक नवे काडतूस आधीच्या कडेच्या पुढे बसवले की हा अडथळा बहुतांशी टळतो, आणि त्याचे खापर मॅगझिनवर फोडणे योग्य नाही. उरलेले काम मात्र मॅगझिनचेच आहे: वरच्या दुमडलेल्या काठांनी, ज्यांना आपण लिप्स म्हणतो, काडतूस ठरावीक उंचीवर आणि ठरावीक कोनात धरायचे, स्लाइड पुढे येताना नेमक्या क्षणी सोडायचे, आणि स्प्रिंगने तोवर पुढचे काडतूस वर आणून ठेवायचे. पत्रा दुमडला की तो थोडा मागे उलगडतो, ज्याला आम्ही स्प्रिंग बॅक म्हणतो, आणि तो किती उलगडेल हे पत्र्याच्या जाडीवर, त्याच्या कडकपणावर आणि डाय किती झिजली आहे यावर ठरते. लिप्सना नीट हीट ट्रीटमेंट (तापवून कडक करणे) न देणे, जाडीत चढउतार असलेला पत्रा वापरणे आणि शेवटची तपासणी गाळणे, या तीन ठिकाणी खर्च वाचतो, आणि नगागणिक फरक तिथूनच येतो.

मॅगझिन हातात आल्यावर रिकामे असतानाच बरेच काही कळते. व्हर्नियरने, म्हणजे बारीक माप घेणाऱ्या कॅलिपरने, लिप्समधील अंतर पुढच्या आणि मागच्या टोकाला मोजा आणि तुमच्या पिस्तुलासोबत आलेल्या मॅगझिनशी ताडून पाहा. एखाददुसऱ्या दशांश मिलिमीटरचा फरकही इथे लहान नाही. लिप्सच्या आतल्या कडेवरून बोट फिरवून बर, म्हणजे कापताना राहिलेला धारदार कंगोरा, राहिला आहे का ते पाहा, आणि मागची जोडाची रेघ आत उंचवटा करते का तेही पाहा. मग लाकडी काडीने फॉलोअर, म्हणजे स्प्रिंगवरचा काडतुसे वर उचलणारा तुकडा, तळापर्यंत दाबून हळूहळू सोडा. तो कुठेही न थबकता, तिरका न होता वर यायला हवा, आणि हीच कृती त्याच्या पुढच्या टोकावर व मागच्या टोकावर दाबूनही करायला हवी. स्प्रिंगचा जोर ताडण्यासाठी मॅगझिन स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर उभे धरून दोन्ही मॅगझिनांचे फॉलोअर सारख्याच खोलीपर्यंत दाबावेत आणि आकडे पाहावेत. शेवटी ते रिकाम्या पिस्तुलात बसवून खालून वर हलकेच दाबून पाहा. खाचेत ते वरखाली डुलत असेल, तर काडतूस प्रत्येक वेळी वेगळ्या उंचीवर येणार हे उघड आहे. घरी या तपासणीत खरे काडतूस वापरू नका. भरण्याची आणि स्लाइड चालवण्याची तपासणी डमी, म्हणजे दारू नसलेल्या, काडतुसांनी करा, आणि खरी काडतुसे फक्त रेंजवर, नळी लक्ष्याच्या दिशेला असतानाच हाताळा.

आता गोळीबाराची चाचणी, आणि इथे बहुतेक जण फार लवकर समाधानी होतात. ‘दोन डबे मारले, एकदाही अडकले नाही’ हे वाक्य रेंजवर नेहमी ऐकू येते. पन्नासचे दोन डबे म्हणजे शंभर गोळ्या. संख्याशास्त्रातला एक साधा नियम असा आहे की, सलग जितक्या प्रयत्नांत एकही दोष आला नाही त्या संख्येने ३ ला भागले, तर दोषाचे प्रमाण त्याहून जास्त नाही असे सुमारे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. म्हणजे शंभर निर्दोष गोळ्यांनंतर एवढेच सिद्ध होते की प्रमाण शंभरात ३ हून अधिक नसावे, आणि तीनशे गोळ्यांनंतर शंभरात १ हून अधिक नसावे. शंभरात १ हे प्रमाण ऐकायला क्षुल्लक वाटते. पण आपला सामना ६० गोळ्यांचा असतो आणि या प्रमाणाने त्यात किमान एकदा अडकण्याची शक्यता जवळजवळ ४५ टक्के निघते.

त्यातही गोळ्या मोजण्यापेक्षा मॅगझिन किती वेळा भरले ते मोजणे अधिक उपयोगाचे आहे, कारण दोष सगळ्या काडतुसांत सारखा वाटला जात नाही. मॅगझिन पूर्ण भरलेले असताना स्प्रिंगचा दाब सर्वाधिक असतो आणि पहिले काडतूस सोडवताना स्लाइडला जास्त जोर लागतो; शेवटच्या काडतुसाच्या वेळी स्प्रिंग सर्वांत सैल असते आणि ते वेळेत वर आले नाही तर स्लाइड त्याच्यावरून निघून जाते. पाच-पाच काडतुसे भरून एक डबा संपवला तर शेवटचे काडतूस फक्त १० वेळा तपासले जाते. दोन-दोन भरून संपवला तर तेच २५ वेळा तपासले जाते. म्हणून मी नव्या मॅगझिनचा पहिला डबा दोन-दोन भरून मारतो आणि पुढचे डबे पाच-पाच भरून. प्रत्येक मॅगझिनच्या तळाला न पुसणाऱ्या शाईने क्रमांक घालावा आणि अडथळा आला की वहीत मॅगझिनचा क्रमांक, काडतूस कितवे होते आणि ते कसे अडकले, हे लगेच, पिस्तूल सुरक्षित केल्यावर, लिहावे. चाचणीदरम्यान काडतुसांचा प्रकार बदलू नये. मेणाचा थर असलेल्या शिशाच्या गोळ्यांनी मॅगझिन आतून चिकट होते, त्यामुळे साफसफाई कधी केली तेही नोंदवावे. आपल्याकडच्या पावसाळ्यात गंज येईल या भीतीने आत सढळ तेल सोडण्याची सवय वाईटच. तेलाने तीच काजळी आणि मेण धरून राहते. कोरडे पुसून ठेवलेले मॅगझिन जास्त टिकते.

वहीतल्या नोंदी निवाडा करतात. तीच तक्रार सगळ्या मॅगझिनांत येत असेल तर पिस्तूल किंवा काडतूस तपासा. ती एकाच क्रमांकाला चिकटलेली असेल तर मॅगझिन दोषी. काडतुसाचे टोक खाली रुतत असेल किंवा स्लाइड बुडावरून पुढे जात असेल तर आधी स्प्रिंगकडे पाहावे. टोक वर उभे राहत असेल किंवा दोन काडतुसे एकदम सुटत असतील तर लिप्स फाकलेल्या असण्याची शक्यता मोठी. स्प्रिंग बदलता येते आणि मूळ कंपनीची स्प्रिंग पूर्ण मॅगझिनच्या मानाने बरीच स्वस्त पडते. लिप्स पक्कडीने वाकवून बसवण्याचा मोह मात्र आवरा. एकदा वाकलेला पत्रा त्याच जागी राहील याची हमी नसते, आणि पुन्हा पुन्हा वाकवला तर त्याला चीर जाते.

याचे मोल सामन्यात कळते. कोल्हापूरच्या नेमबाज राही सरनोबत यांनी २०१८ मध्ये जकार्ता-पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले ते याच २५ मीटर पिस्तूल प्रकारात, त्यामुळे कोल्हापूरकरांना तो नव्याने सांगायला नको. त्याच्या रॅपिड, म्हणजे झटपट गोळीबाराच्या, टप्प्यात लक्ष्य ३ सेकंद दिसते, ७ सेकंद दिसेनासे होते, आणि दर वेळी एकच गोळी. आंतरराष्ट्रीय नियमांत काडतूस किंवा मॅगझिन अडकणे हा ग्राह्य बिघाड आहे. पण मॅगझिन नीट न बसवणे किंवा यंत्रणेत मोडतोड नसताना ते गळून पडणे ही नेमबाजाची चूक मानली जाते, आणि जे कारण नेमबाजाला आधीच दूर करता आले असते त्यालाही सवलत मिळत नाही. खाचेत डुलणारे मॅगझिन मी सामन्याला का नेत नाही, ते यावरून लक्षात यावे.

आपल्या गावासाठी एक गोष्ट विशेष आग्रहाने सांगतो. उद्यमनगर किंवा शिरोलीच्या कारखान्यांत असा पार्ट बनवणारा कारागीर सहज सापडेल आणि तो उत्तम बनवूनही देईल. तरीही तसे करू नका. शस्त्र कायदा, १९५९ मध्ये शस्त्राच्या व्याख्येतच सुट्या भागांचा समावेश आहे, आणि शस्त्र बनवायलाच नव्हे तर विकायला आणि दुरुस्त करायलाही परवाना लागतो. तुमच्यासोबत तो कारागीरही अडचणीत येईल. मॅगझिन परवानाधारक विक्रेत्याकडूनच, तुमचा परवाना दाखवून आणि पक्की पावती घेऊनच घ्या.

तुमच्या जागी मी असतो तर पिस्तुलासोबत आलेले मॅगझिन सामन्यासाठी बाजूला ठेवले असते आणि दुसऱ्या कंपनीची दोन मॅगझिने फक्त सरावासाठी घेतली असती. वर सांगितलेली चाचणी पार करून त्यानंतरही महिनोन्‌महिने ज्याच्या नावावर वहीत एकही ओळ पडली नाही, तेच सामन्याच्या पेटीत गेले असते. पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला एकच विचारा: नग माझ्या पिस्तुलात चालला नाही तर बदलून मिळेल का? ‘हो’ म्हणाला तर ते पावतीवर लिहून घ्या. नाही म्हणाला, तर थोडे थांबून मूळ कंपनीचे एकच मॅगझिन घेणे मला अधिक पटते.