आई-बाबा नागपूरहून पहिल्यांदाच अमेरिकेला चालले आहेत, त्यांना काय काय सांगून ठेवू?

तुम्ही लिहिलंय की बाबा ६८ वर्षांचे, आई ६४ची, डॅलसला बहिणीकडे चार महिने राहणार आणि दोघांचाही हा पहिलाच परदेश प्रवास. मी आणि आमच्या मिसेस मुलाकडे दोनदा जाऊन आलो. पहिल्या वेळी सोनेगाव विमानतळावर पोचवायला अर्धा मोहल्ला आला होता आणि प्रत्येकाने थंडीवर भाषण दिलं. थंडीने काही त्रास दिला नाही. त्रास दिला तो बॅगेने.

मिसेसनी ओल्या फडक्यात गुंडाळून कढीपत्ता घेतला होता. तिकडे उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याजवळ लोंबत्या कानांचं एक बीगल कुत्रं आलं, आमची बॅग हुंगली आणि तिथेच बसकण मारली. "किती गोड आहे ना बाप्पा!" मिसेस म्हणाल्या. ते गोड कुत्रं ड्युटीवर होतं.

कढीपत्त्याचं एवढं काय, असं मलाही तेव्हा वाटलं. पण कढीपत्ता आणि संत्रा एकाच कुळातले. त्यावरच्या सायला नावाच्या किडीमुळे संत्र्याच्या झाडांत ग्रीनिंग नावाचा रोग पसरतो. फ्लोरिडात हा रोग २००५ साली सापडला आणि तिथल्या संत्र्याच्या बागांची पार वाट लागली. संत्र्याच्या गावच्या माणसाला यापेक्षा जास्त समजावून सांगायची गरज नाही. म्हणून कढीपत्ता, आपली संत्री, कुठलंही ताजं फळ, बियाणं, मटण-चिकनचा कुठलाही पदार्थ नेऊ नका. आणि अधिकाऱ्याने "फूड?" विचारलं की सरळ "येस" म्हणायला शिकवा, मग बॅगेत नुसता चिवडा असला तरी. आम्ही येस म्हणालो म्हणून फक्त कढीपत्ता कचऱ्यात गेला. नाही म्हणून नंतर सापडलं असतं, तर शेकडो डॉलरचा दंड बसू शकला असता.

सावजी मसाल्याचं वेगळंच. त्यात खसखस असते आणि वाटेत विमान बदलावं लागतं त्या यूएईसारख्या (म्हणजे दुबई) आखाती देशात खसखशीला बंदी आहे. बॅग परस्पर पुढे जाणार असली तरी वाटेत विमान चुकलं, बॅग हाती आली, तर नसती कटकट. इतवारीतून मसाला करून घेणार असाल तर बिनखसखशीचा करून घ्या. तूरडाळ, पोहे, पीठ यांचं ओझं तर उचलूच नका. डॅलसच्या आसपास इर्व्हिंग, प्लेनो, फ्रिस्को या भागांत देशी किराणा मुबलक मिळतो.

तिकीट काढताना एवढं बघा की अमेरिकेत विमान बदलावं लागणार नाही. नागपूरहून थेट सोय नाहीच, पण दुबईहून किंवा दोहाहून सरळ डॅलसला जाता येतं. थोडे पैसे जास्त गेले तरी तेच घ्या. कारण अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावर, बॅगेवर शेवटच्या शहराचा टॅग असला तरी, ती पट्ट्यावरून स्वतः उचलून कस्टममधून न्यावी लागते आणि पुन्हा जमा करावी लागते. आम्हाला निघताना काउंटरवर "बॅग थेट तिकडेच मिळेल" असं सांगितलं होतं. आम्ही पट्ट्याला वळसा घालून पुढे निघालो होतो, तेवढ्यात एका गुजराती काकूंनी हाक मारून थांबवलं. आणि हो, दोघांसाठी व्हीलचेअर मागून ठेवा. बाबा म्हणतील, "मी काय लंगडा झालो काय?" म्हणू द्या. प्रश्न चालता येण्याचा नाहीच, व्हीलचेअरसोबत माणूस मिळतो आणि तो रांगेपर्यंत नेऊन सोडतो.

इमिग्रेशनच्या खिडकीवर उत्तरं छोटी आणि खरी द्यायची: मुलीला भेटायला आलो, चार महिने, परतीचं तिकीट हे. आपल्याकडे सहज म्हणतात, "नातवंडं सांभाळायला चाललो." तिथे 'सांभाळणं' हे काम समजलं जाऊ शकतं आणि व्हिजिटर व्हिसावर काम चालत नाही. भेटीलाच जात आहेत, तर भेट म्हणा. आणखी एक. पासपोर्टवर व्हिसा दहा वर्षांचा असला तरी राहायची मुदत आय-९४, म्हणजे उतरल्यावर होणारा प्रवेशाचा दाखला, ठरवतो, बहुतेक वेळा सहा महिने. उतरल्यावर बहिणीला तो ऑनलाइन काढून तारीख तपासायला सांगा. तारीख वाचताना महिना आधी, दिवस नंतर. ०३/०७ म्हणजे ७ मार्च.

औषधं इथूनच न्या, पण साधारण तीन महिन्यांपुरतीच नेता येतात, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, आणि हातातल्या बॅगेत. चिठ्ठीवर ब्रँडबरोबर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. तिकडे पॅरासिटामॉल मागितलं तर दुकानदार तोंडाकडे बघतो, त्याला तिथे अॅसिटामिनोफेन म्हणतात. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही. विमा काढताना बीपी-शुगर लपवू नका आणि आधीपासूनच्या आजारांना किती संरक्षण आहे ते वाचा. रात्री छातीत दुखलं म्हणून इमर्जन्सीत गेलं तर बिल हजारो डॉलरचं येतं. इथे पैसे वाचवू नका.

चार्जर चालतो, फक्त चपट्या पिनेचा अॅडॉप्टर लागतो. आपला मिक्सर मात्र चालत नाही, तिथे वीज १२० व्होल्टची. दुकानात टॅगवरच्या किमतीवर टॅक्स वेगळा लागतो, हॉटेलात टिप १५ ते २० टक्के. लिफ्टमधला पहिला मजला म्हणजे आपला तळमजला. रस्ता ओलांडताना आधी डावीकडे पाहायचं.

डॅलसच्या उन्हाळ्याची नागपूरकरांनी काळजी करू नये. चाळिशीच्या वर पारा गेला की मिसेसना उलट घरची आठवण यायची. स्वेटर लागतो तो दुकानांतल्या एसीसाठी. वसंतात गेले तर वावटळीचा, म्हणजे टोर्नेडोचा, इशारा फोनवर मोठ्याने वाजतो. तेव्हा खिडकीशी उभं राहून गंमत बघायची नाही, तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या आतल्या खोलीत जायचं.

आणि अंतरं आधीच सांगून ठेवा. बाबा पहिल्याच आठवड्यात विचारतील, "न्यूयॉर्क पाहून येऊ का शनिवार-रविवार?" डॅलस ते न्यूयॉर्क रस्त्याने जवळपास २,५०० किलोमीटर आहे, म्हणजे आपला ७०१ किलोमीटरचा समृद्धी साडेतीन वेळा. एकटं टेक्सासच महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठं. तेव्हा लांबचं पाहायचं ते विमानाने आणि एकदाच.

खरा त्रास मला वाटतो दुपारचा. मुलगी-जावई कामावर, नाक्यावर टपरी नाही, ऑटो नाही, गाडीशिवाय घराबाहेर पडता येत नाही. आम्ही पहिल्या फेरीत तीन आठवड्यांत कंटाळून परतीच्या तारखा बघायला लागलो होतो. दुसऱ्या वेळी मुलाने पायी जाता येईल अशी लायब्ररी शोधून ठेवली आणि संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बागेत आमच्यासारखेच चार आजी-आजोबा भेटायला लागले. त्यातले एक गोंदियाचे निघाले. बहिणीला विचारा, तिच्या घराजवळ अशी बाग कुठे आहे.