गरुड की घार? आधी शेपटी बघा

कोथरूडमध्ये सोसायटीच्या निलगिरीवर मोठं घरटं दिसलंय, ते गरुडाचं का, असा प्रश्न आलाय. एवढं मोठं घरटं म्हटल्यावर गरुडच वाटणार, मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. पण पुण्यात दहातले नऊ वेळा ती आपली साधी घार निघते. रंगावर जाऊ नका, उन्हात सगळेच तपकिरी दिसतात. पक्षी घिरट्या घालताना शेपटी बघा. टोकाला मध्ये खाच असली आणि वळताना ती सुकाणूसारखी पिळत असेल, तर घारच. मात्र शेपटी पूर्ण पसरली की खाच जवळजवळ नाहीशी होते, तेव्हा फोटो दोन-चार वेळा काढा. शेपटी गोलसर, त्यावर रुंद पट्टे आणि डोकं कबुतरासारखं लहान असेल, तर मधुबाज हा वेगळा शिकारी पक्षी समजा.

घरटंही बोलतं. काटक्यांत चिंध्या, प्लास्टिक, सुतळी कोंबलेली दिसली की बहुतेक घारच! आमच्या इथे एकीने कुणाचा तरी मोजा नेला होता.

आणि हो, पिल्लं असताना गच्चीवर जायचं तर छत्री घेऊन जा. माझ्या टकलावर एकदा सणसणीत पंजा बसलाय. फांदी मात्र छाटू नका. १९७२च्या वन्यजीव कायद्याने घरट्याला संरक्षण आहे.