मरतुकीचा रकाना

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. गाळा घेतलास, पाटी रंगवायला टाकलीस, हे तुझ्या आईकडून कळलं. तू स्वतः फोन केला नाहीस, मी नको म्हणेन अशी धास्ती असणार. नको म्हणणार नाही. पाच वर्षं माझ्या दवाखान्यात काढलीस. ससा टॉवेलात गुंडाळून कसा धरायचा हे नव्या डॉक्टरांनीसुद्धा तुझ्याकडून शिकून घेतलं. बाजारपेठेत प्राण्यांचं दुकान कुणीतरी काढणारच होतं, तू काढतेस ते बरं. फक्त पाटी वाळायच्या आत हे पत्र वाच आणि भावालाही वाचायला दे, कारण गल्ल्यावर तोच बसणार आहे.

आधी एक जुनी गोष्ट. दवाखान्यात असताना ही तुला कधी सांगितली नव्हती. परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजातून बाहेर पडले तेव्हा मला गाय, म्हैस, घोडा, कुत्रा येत होता. ससा पाहिला होता तो प्रयोगशाळेतला. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी एका शाळकरी मुलीचा पांढरा ससा आला, जबड्याखाली गळू. मी गळू फोडलं, साफ केलं आणि कुत्र्याला लिहून देते तसं तोंडावाटे अमॉक्सिसिलिन लिहून दिलं. चौथ्या दिवशी जुलाब लागले, पाचव्या दिवशी ससा गेला. मी त्या मुलीला म्हणाले, "ससे नाजूकच असतात गं." बऱ्याच वर्षांनी वाचनात आलं की पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं पोटात गेली की सशाच्या, गिनीपिगच्या, हॅमस्टरच्या आतड्यातले कामाचे जंतू मरतात, घातक माजतात आणि त्यांच्या विषानं जनावर जातं. ससा नाजूक नव्हता. मला येत नव्हतं.

'नाजूक असतात' हे वाक्य आता तुला रोज ऐकू येईल. पुरवठादार म्हणेल, पेटीत दोन-चार जायचेच. कोंबडीवाल्यांनी त्याला सरळ शब्द दिलाय, मरतूक. धरून चाललेली, भावात आधीच मिळवलेली. माझं तुला मुख्य सांगणं एवढंच आहे की मरतूक भावात धरू नकोस, वहीत धर. दोनशे पानी वही घे आणि प्रत्येक मेलेल्या जिवाला एक ओळ दे. तारीख, कुठून आला, दुकानात किती दिवस होता, शेवटचं कधी खाल्लं, लेंड्या कशा होत्या. कारणाच्या रकान्यात 'नाजूक' लिहायला बंदी. कारण कळलं नाही तर रकाना कोरा ठेव. कोऱ्या रकान्याची लाज वाटते, ती वाटू दे.

दुकानदार प्राण्याला 'माल' म्हणतात याचा काही लोकांना फार राग येतो. मला तितकासा येत नाही. किराणावाला तांदळाला कीड लागू नये म्हणून ज्या काळजीनं पोती हलवतो, उन्हं दाखवतो, तेवढं तरी होऊ दे, मग खुशाल माल म्हणा.

आता सशाचं बोलू, कारण सगळ्यात जास्त तोच खपेल. मुठीत मावणारं, कान अजून पुरते न वाढलेलं पिल्लू लोकांना आवडतं. ते तीन आठवड्यांचं असतं आणि त्याला अजून आईचं दूध हवं असतं. सशीण दिवसातून एकदा, फार तर दोनदा पाजते, तेही चार-पाच मिनिटं. पाळणाऱ्याला ती पाजताना दिसतच नाही, म्हणून तो 'सुटलंय आता' असं सांगून देऊन टाकतो. पिल्लं खासगी लक्झरीच्या डिकीत खोक्यात रात्र काढून तुझ्या दारात पहाटे उतरतात, आणि दोन दिवसांत पोट बिघडतं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊच नकोस. पुरवठादार हसेल, म्हणेल मोठं झाल्यावर कोण घेतो. त्याला सांग, माझं गिऱ्हाईक घेतं. आणि 'मिनी' म्हणून जे येतं ते बहुतेक वेळा मांसासाठी पाळलेल्या न्यूझीलंड व्हाइटचं पिल्लू असतं, वर्षभरात चार किलोचं होतं. हे विकण्याआधी सांगायचं. मागून सांगितलं की तो ससा एखाद्या कॉलेजच्या आवारात सोडलेला सापडतो आणि रात्रीत कुत्री फाडतात.

सशाचे दात जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला दोनेक मिलिमीटर. ते झिजतात गवतानं. गाजरानं नाही! गाजर म्हणजे त्याच्या लेखी पेढा, सणासुदीला एखादी चकती. रोज अंगाएवढा भारा वाळल्या गवताचा हवा. आयात केलेलं पाकीटबंद गवत परवडत नसेल तर हरळी वाळव. गणपतीत देवासाठी जुड्या बांधणाऱ्या बायका वर्षभर मोकळ्याच असतात, त्यांच्याशी बोल. फक्त फवारणी न केलेल्या जागेवरची आण. लसूणघास पिल्लांना ठीक, मोठ्या सशाला रोज नको, त्यातल्या चुन्यानं मूत्राशयात गाळ बसतो. गवत खपवशील तर सशाहून जास्त पैसा त्यातच मिळेल, हे भावाला सांग म्हणजे त्याचे कान टवकारतील.

एप्रिलची भीती बाळग. तीस अंशांच्या वर पारा गेला की सशाला झेपत नाही, त्याला घाम नाही, उष्णता टाकायला कानच काय ते. पत्र्याच्या छताखाली दुपारी ठेवलेला ससा संध्याकाळी आडवा सापडतो. खिडकीला ओलं गोणपाट, पिंजऱ्यात भिजवलेलं कौल, आणि गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून. आणि सशानं बारा तास तोंड लावलं नाही, लेंडी टाकली नाही, तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच्या पोटाचा गिरणीचा पट्टा थांबला की पुन्हा सुरू करणं अवघड. हे छापून प्रत्येक पिंजऱ्यासोबत दे. मऊ लेंड्या तो स्वतःच खातो, तेही छाप. नाहीतर 'घाण खातो हो' म्हणून आठवड्याला एक जण परत येईल.

गिऱ्हाइकाचा दुसरा ठरलेला शब्द म्हणजे 'जोडी'. एकट्याला करमणार नाही म्हणतात. मायेनंच म्हणतात, पण ही माया एका जिवाला तारते आणि दुसऱ्याला मारते. गिनीपिग कळपातला आहे, त्याला सोबत हवीच. स्वित्झर्लंडनं तर २००८ च्या नियमांत त्याला एकटं ठेवायलाच मनाई केली. तिथे तू दोन माद्या दे. हॅमस्टरचं उलटं. १९३० मध्ये सीरियात अलेप्पोजवळच्या एका शेतातल्या बिळातून एक आई आणि तिची पिल्लं खणून काढली. आज जगभर घरोघरी पाळले जाणारे सोनेरी हॅमस्टर बहुतांशी त्या एका वेताचे वंशज. वाळवंटाच्या कडेला एकेका बिळात एकेकटं राहणारं ते जनावर. त्याची जोडी एका पिंजऱ्यात घातली की एक दिवस सकाळी एकाच्या अंगावर जखमा असतात, किंवा एकच उरलेला असतो. मादी गाभण राहिली तर सोळाव्या दिवशी विते, आणि लेकरं बघायला सारखं झाकण उघडलं तर ती खाऊनही टाकते. मग शेजारीपाजारी म्हणतात, कसली आई ही. लिंग ओळखायला तुला येतं, भावालाही शिकव. 'दोन्ही माद्या' म्हणून दिलेल्या सशांना महिन्याभरात सहा पिल्लं झालेली मी किती पाहिली, ते तू पाहिलंच आहेस.

तुला तो मुलगा आठवतो का, बुटांच्या खोक्यातून गिनीपिग घेऊन आलेला? पावसाळा होता, खोक्याचा तळ भिजून फाटत आला होता म्हणून त्यानं खाली ताट धरलं होतं. जनावर हलत नव्हतं. उचललं की ओरडायचं, गुडघे सुजलेले. घरी काय देता विचारलं तर चपाती, भात, कधी गहू. आपल्यासारखंच गिनीपिगलाही क जीवनसत्त्व अंगात बनवता येत नाही, रोज बाहेरून लागतं, किलोमागे दहा ते तीस मिलिग्रॅम. पाण्यात थेंब टाकून भागत नाही, ते लगेच उतरतं. आपण त्याला आवळ्याचा रस पाजला, ढोबळी मिरची आणि पेरू लावला. आठ दिवसांनी तो मुलगा परत आला तेव्हा खोकं बदललं होतं आणि आत धडपड चालली होती. फी विचारताना त्याच्या वडिलांचा चेहरा मात्र मला अजून दिसतो. "डॉक्टर, तीनशेचं जनावर, तीनशेचीच औषधं?" रागावले नव्हते ते, हिशेब करत होते.

इथंच सगळं अडतं बघ. जो जीव स्वस्त, त्याच्यावर कुणी खर्च करत नाही, आणि त्याला स्वस्त आपणच करतो. जत्रेत गुलाबी-हिरवी रंगवलेली कोंबडीची पिल्लं दहा-वीस रुपयांना मिळतात. अंडी घालणार नाहीत म्हणून उबवणी केंद्रानं बाजूला काढलेले नर ते. पहिल्या आठवड्यात त्यांना पस्तीस अंशांच्या आसपास ऊब लागते आणि मिळते प्लॅस्टिकची पिशवी. असली पिल्लं तुझ्या दुकानात दिसली तर मी पायरी चढणार नाही. बाकीच्यांबाबत एक पद्धत सुचवते: आधी पिंजरा विक, प्राणी पुढच्या आठवड्यात. पिंजरा, गवत, पाण्याची बाटली घरी नेऊन मांडू दे, कोण रोज साफ करणार ते घरात ठरू दे. वाढदिवसाच्या आदल्या रात्री धावत आलेला बाप आठ दिवसांनी येत नाही. त्याचं गिऱ्हाईक गेलं म्हणून हळहळू नकोस. तो ससा महिन्याभरात तुझ्याच दारात परत आला असता. आणि परत आलेला घे, कुरकुर न करता घे. विकताना तसं सांगूनच ठेव.

पक्ष्यांचं फार लिहीत नाही, तुला ते माझ्याहून बरे कळतात. आपल्याकडे ज्यांना सर्रास लव्हबर्ड म्हणतात ते ऑस्ट्रेलियातले बजरीगर. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. गिऱ्हाइकाला दुरुस्त करत बसू नकोस, पण नुसत्या राळ्यावर ठेवू नका एवढं सांग, आणि चोचीवर पांढरी खरड दिसली तर ती 'म्हातारपणाची' नाही, किडीची आहे, औषधानं जाते.

बोलणारा पोपट, पहाडी पोपट, मुनिया, मैना मागायला माणसं येतील, गल्ल्याशी वाकून हळू आवाजात विचारतील. आपल्या रानातले हे सगळे पक्षी १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतात, विकणं आणि पाळणं दोन्ही गुन्हा. चांदण्यांच्या नक्षीचं कासवही तसंच, वास्तूसाठी हवं असलं तरी. मग लोक रुपयाएवढं लाल कानपट्टीचं परदेशी कासव मागतात. ते ताटाएवढं होतं, वीस-तीस वर्षं जगतं आणि शेवटी गावच्या तळ्यात सोडलं जातं. मी तुझ्या जागी असते तर ठेवलं नसतं. दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी मात्र पाटीच्या आधी. २०१८ चे पेट शॉपचे नियम कुत्र्या-मांजरांइतकेच ससा, गिनीपिग, हॅमस्टर, उंदीर आणि पिंजऱ्यातल्या पक्ष्यांनाही लागू आहेत. बाजारात विचारशील तर 'कोण बघतंय' म्हणतील. तपासणीला येणाऱ्याच्या हातात ती मरतुकीची वही दे. लपवायची वाटेल, तरी दे.

नवी पेटी आली की जुन्यांत मिसळू नकोस. मागची खोली त्यासाठीच ठेव, दोन आठवडे. रोज आधी जुन्यांचं सगळं उरक, मग नव्यांकडे जा, उलट नाही. कोवळा हॅमस्टर शेपटीकडे ओला दिसला तर त्याच तासाला वेगळा काढून डॉक्टर गाठ. उद्या म्हटलंस की गेला. पिंजऱ्याला जाळीचा तळ नको, पाय सोलतात. वखारीतला बारीक भुसा नको, शिंका लागतात. गिनीपिगच्या अंगावर गोल टक्कल दिसलं तर आधी स्वतःचे हात बघ, गजकर्ण असेल.

हे छोटे जीव आजार लपवतात. रानात आजारी दिसला तो उचलला जातो, म्हणून शेवटपर्यंत ठीक असल्याचं सोंग करतात. सोंग काट्यावर चालत नाही. दर सोमवारी प्रत्येकाचं वजन कर आणि वहीत लिही. खाणं सुटल्याचं तुझ्या लक्षात येण्याच्या आधी वजन उतरलेलं असतं.

त्यासाठी दवाखान्यातला डिजिटल काटा तुझ्या आईबरोबर पाठवतेय. एक ग्रॅमपर्यंत दाखवतो. सेल नवे घाल, जुन्यांना गंज चढला होता म्हणून काढून टाकलेत. पिवळं प्लॅस्टिकचं भांडं वर बसवलेलं आहे ते आधी गरम पाण्यानं धू, आणि भांडं ठेवून मगच शून्यावर आण. नाहीतर तुझा प्रत्येक हॅमस्टर चाळीस ग्रॅमनं धडधाकट निघेल.

तुझी,
मॅडम