समोरच्याचं पाठ कर

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. फोनवरही तू तेच विचारून राहिली होतीस: मावशी, मी ॲक्ट्रेस व्हायचं की अँकर? कामं मिळवून देणाऱ्या मुंबईच्या कुण्या कोऑर्डिनेटरनं सांगितलं की प्रोफाइलवर दोन्ही लिहिलं तर कोणी घेत नाही, एक काय ते ठरव. तेव्हापासून तुझं जेवणात लक्ष नाही, असं तुझी आई म्हणाली. मला त्या माणसाचा राग आला आणि खरं सांगते, तुझाही आला. नको त्या प्रश्नात अडकून बसली आहेस.

स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचायची. १९७२ मध्ये केंद्र सुरू झालं, त्यानंतरची ती पहिली वर्षं. जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायची, हे तर अख्ख्या महाराष्ट्राला माहीत आहे. श्याम बेनेगलांनी तिला तिथंच हेरलं. तबस्सुम लहानपणापासून सिनेमात होती, आणि १९७२ ते १९९३ अशी एकवीस वर्षं तिनं दूरदर्शनवर ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’मधून भल्याभल्यांना बोलतं केलं. रेणुका शहाणे ‘सुरभि’च्या निवेदनामुळे घराघरात गेली आणि त्याच काळात सिनेमातही दिसली. या बायांनी एकीकडचं दार लावून दुसरीकडचं उघडलं नाही. दोन्हीकडे लागणारी गोष्ट एकच असते, आणि ती तुझ्याकडे अजून नाही. म्हणून हे पत्र.

यंदाच्या मंडईच्या जत्रेत तू निवेदन करत होतीस तेव्हा मी तिसऱ्या रांगेत बसले होते. आवाज छान, उभं राहणं छान, साडीही नीट नेसलेली. दंडारीत नाचणाऱ्या त्या म्हाताऱ्या कलावंताचा सत्कार झाला आणि तू विचारलंस, बाबा, कसं वाटून राहिलं? ते म्हणाले, ‘काय सांगू, यंदा जोडीदार नाही राहिला.’ पुढं बोलायला त्यांनी तोंड उघडलंही होतं. तू हातातल्या कार्डाकडे पाहिलंस आणि म्हणालीस, ‘आजच्या तरुण पिढीला काय संदेश द्याल?’ बाबांनी तोंड मिटलं. शाल सावरली आणि ‘शिका, मोठे व्हा’ म्हणून खाली बसले. ज्याच्यासोबत जन्मभर नाचले तो माणूस गेला होता, आणि तुला पुढचा प्रश्न महत्त्वाचा वाटला.

तिथं तुझी अँकरिंग पडली. ॲक्टिंगही तिथंच पडणार आहे, कारण परवा पाठवलेल्या ऑडिशनच्या व्हिडिओत तू नेमकं हेच केलंस. समोरचा बोलतो आहे आणि तुझे डोळे तुझ्या पुढच्या ओळीवर आहेत. मला दिसतं ते कास्टिंगवाल्यालाही दिसतं.

म्हणून सांगते, आधी समोरच्याचं पाठ कर. तुझ्या ओळी मागून होतील.

मी हे झाडीपट्टीत शिकले, आपल्या पूर्व विदर्भातल्या नाटकांत. आपल्याकडे दिवाळी झाली, मंडया सुरू झाल्या की होळीपर्यंत नाटकं. वडशाच्या नाटक कंपन्यांची गाडी आज या गावात, उद्या त्या गावात. रात्री दहाच्या पुढं पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. तालमीला वेळ कुठला? ओळी पुरवणारा प्रॉम्प्टर असतोच, म्हणून बरेच जण आपल्या ओळीसुद्धा त्याच्यावर सोडतात. मला एका जुन्या नटानं बजावलं होतं की प्रॉम्प्टरचा आवाज तुझ्या कानापर्यंत येतो, समोरच्याचं दुःख येत नाही, ते तुला आधीच माहीत पाहिजे. तेव्हापासून मी दोघांचं पाठ करायचे. धानाच्या बांधीत, थंडीत कांबळी पांघरून बसलेला माणूस फसत नाही. नटी ऐकते आहे की नुसती थांबली आहे, हे त्याला कळतं. झाडीपट्टीला हलकं समजू नकोस. याच रंगभूमीवरच्या कामासाठी परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली आहे.

मालिकेत तर याची गरज दुप्पट. तुला वाटत असेल, समोर मोठी नटी उभी राहील आणि आपोआप भाव येतील. तिचा क्लोजअप संपला की ती मेकअप रूममध्ये जाते. तुझा क्लोजअप लागतो तेव्हा कॅमेऱ्याच्या बाजूला एक असिस्टंट हातात कागद घेऊन क्यू देतो, म्हणजे तिच्या ओळी वाचतो. सासू मेली काय नि पोरगी पळाली काय, सगळं एकाच सुरात, बाजारची यादी वाचावी तसं. आणि तेवढ्यावर तुझे डोळे भरून आले पाहिजेत! समोरचीचं वाक्य, तिनं ते कुठं तोडलं, कुठं श्वास घेतला, हे तुझ्यात आधी उतरलेलं असेल तरच ते होतं. लाइव्ह निवेदनातही तेच. कानात प्रोड्यूसर ‘तीस सेकंद, गुंडाळा’ म्हणत असतो आणि समोरचा पाहुणा नेमका तेव्हाच खरं बोलायला लागलेला असतो. समोरच्याचं पाठ असेल, म्हणजे तो कोण, काय करतो, यंदा त्याच्या घरी काय झालं हे तू आधी जाऊन विचारलं असशील, तर त्या तीस सेकंदांतही तू योग्य तेच विचारशील.

तू म्हणशील, मावशी, एवढं कळत होतं तर तुम्ही मुंबईत का नाही टिकल्या? लोक म्हणतातच. एका मालिकेत मी आत्या होते. पानं सेटवर यायची, गरम गरम, प्रिंटरमधून निघालेली. मी अख्खा सीन मागायचे. ‘तुमच्यापुरतं वाचा ना’, हे उत्तर. मी सोडलं नाही. सीन मिळेपर्यंत खुर्चीवरून उठायची नाही. एक दिवस आत्या तीर्थयात्रेला गेली आणि तिचा ट्रॅक तिथंच संपला. आपल्याकडे अजूनही म्हणतात, बाईला स्वभाव नडला. नडला असेल. पण ज्या सीनमध्ये मी अख्खं पान वाचून उभी राहिले, त्यातला एकही मला आज पाहवत नाही असा नाही. ते काम गेल्याचं दुःख मला आहे, बेटा, खूप आहे. चांगली भूमिका होती, पुढं रंगली असती. तरी उद्या पुन्हा बोलावलं तर मी पुन्हा अख्खा सीन मागीन.

भाषेचं तू फार मनावर घेतलंस. प्रमाण मराठी शीक, हिंदी साफ कर, भूमिकेला लागते. आपली बोली त्यापायी टाकायचं कारण नाही. भारत गणेशपुरेंनी वऱ्हाडीवरच घराघरात जागा केली.

पैशाचंही ऐकून ठेव. रजिस्ट्रेशन, पोर्टफोलिओ म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्याला एक रुपया द्यायचा नाही. खरा कोऑर्डिनेटर काम मिळाल्यावर मानधनातून कमिशन घेतो. मालिकेचे पैसे बहुतेकदा ९० दिवसांनी हातात येतात, म्हणजे मुंबईला जाशील तेव्हा तीन महिन्यांचं भाडं आणि जेवण गाठीला हवं. तोवर बी.ए. पूर्ण कर. सुगीत तुझ्या बाबांना सोडून पळू नकोस, त्यांना कामाला माणसं मिळत नाहीत.

आणि त्या कोऑर्डिनेटरला काही उत्तर द्यायचं नाही. प्रोफाइलवर दोन्ही राहू दे.

सगळ्यात आधी मात्र दंडारीच्या त्या बाबांकडे जा. माइक नको, मोबाइल नको. जोडीदाराचं नाव विचार, दोघं पहिल्यांदा कुठं नाचले ते विचार, आणि ते बोलतील तितकं बसून राहा. मग रविवारी माझ्याकडे ये. ऑडिशनचा तोच सीन घेऊ. तुझ्या ओळी मी म्हणीन, समोरच्याच्या तू म्हणायच्या, कागद न बघता. येताना दोन झेरॉक्स काढून आण, माझा चष्मा जुना झाला आहे, अक्षर मोठं ठेव.

तुझी,
मावशी