एपी लिटरेचर घेतलंय, आता सुट्टीत काय करायचं?

नमस्कार ताई,

तुम्ही अमेरिकेतल्या एडिसनहून लिहिलंय की लेक सप्टेंबरात बारावीत जाणार, एपी इंग्लिश लिटरेचर (म्हणजे शाळेतच शिकायचा कॉलेजच्या पातळीचा इंग्रजी साहित्याचा विषय) घेतलंय, मॅथ्स एकदम पक्कं पण कविता म्हटली की तोंड वाकडं करते, घरात सगळे मराठीच बोलतो म्हणून मागे पडेल का, आणि पुढे इंजिनिअरिंगच करायचंय तर हा खटाटोप कशाला.

आधी शेवटचं. नुसत्या क्रेडिटसाठी, म्हणजे चांगल्या स्कोअरवर कॉलेजने तो विषय झालेला धरावा म्हणून, घेत असाल तर तिच्या यादीतल्या प्रत्येक कॉलेजची वेबसाइट बघा, कुठे ५ पैकी ४ला देतात, कुठे ५च लागतात, कुठे काहीच नाही. बाकी चार ओळी नीट लिहिता येणं इंजिनिअरलाही लागतंच, त्यावर जास्त बोलत नाही.

आता परीक्षा. मे महिन्यात, तीन तासांची, आता लॅपटॉपवरच. पहिल्या तासात ५५ एमसीक्यू, त्याला ४५ टक्के वेटेज. मग दोन तासांत तीन निबंध: एक कवितेवर, एक गद्य उताऱ्यावर, एक तिनेच निवडलेल्या कादंबरी किंवा नाटकावर. कविता आणि उतारा तिथेच देतात, त्यामुळे पाठांतराचा काही उपयोग नाही. प्रत्येक निबंधाला ६ पॉइंट, त्यातले ४ पुरावा आणि त्यावरच्या भाष्याला, आणि हुशार मुलं नेमकी इथेच मार खातात, कारण ती गोष्ट सांगत बसतात.

म्हणजे कसं, बघा. समजा उताऱ्यात वाक्य आहे, 'तिने दोन कप काढले, मग एक परत फळीवर ठेवला.' 'तिने चहाची तयारी केली' असं लिहिलं तर तो झाला सारांश, हातात फार तर एखादा पॉइंट. 'दुसरा कप सवयीने निघाला, म्हणजे घरातलं माणूस जाऊन फार दिवस झाले नसावेत, आणि लेखक दुःख हा शब्द न वापरता ते हाताच्या हालचालीतून दाखवतोय' असं लिहिलं की झालं भाष्य. आणि हे तुम्हाला नवीन नाहीये हो! शाळेत मराठीच्या पेपरात रसग्रहण करायचो ना आपण, तेच. (आपण ते गाईडमधून पाठ करायचो तो भाग वेगळा.) त्यामुळे मराठी घराची काळजी सोडा, उलट आठवड्यातून एकदा तुम्हाला आवडणारी एखादी मराठी कविता तिच्यासोबत वाचा आणि 'कवीने हाच शब्द का घेतला असेल' एवढंच विचारा, उत्तर मराठीत दिलं तरी चालेल, विचार करायची सवय लागते.

आणि ती वीस पुस्तकांची यादी तुम्ही मागवलीय ना, ती बाजूला ठेवा. कॉलेज बोर्डाने (ही परीक्षा घेणारी संस्था) ठरावीक पुस्तकं नेमलेलीच नाहीत, तिसऱ्या निबंधात नावांची यादी देतात पण तिच्याबाहेरचं दर्जेदार पुस्तकही चालतं. चारच घ्या, त्यात एक तरी नाटक हवं, आणि प्रत्येक दोनदा वाचायचं, दुसऱ्यांदा पेन्सिल हातात घेऊन. समासात फक्त प्रश्न लिहायचे, ही इथे गप्प का, हवामान मध्येच का आलं, असे. नेटवरचे सारांश पुस्तक वाचून झाल्यावर बघितले तर ठीक, आधी अजिबात नको.

मॅथ्सवाल्या मुलीला कवितेत मजा येऊ शकते, खरंच. ओळीचा अर्थ कुठे पलटतो ते शोधायला सांगा, इंग्रजी कवितेत बरेचदा 'पण' किंवा 'तरी' अशा शब्दापाशी सापडतो, तिला ते कोड्यासारखं वाटेल. रोज एक कविता, पंधरा मिनिटं, मोठ्याने वाचून. ऑगस्टमध्ये आठवड्याला एक निबंध ४० मिनिटांचा टायमर लावून, टाइप करून. जुने प्रश्न कॉलेज बोर्डाच्या साइटवर फुकट आहेत, सोबत मुलांचे निबंध आणि त्यांना किती पॉइंट का दिले तेही आहे, माझ्या मते कुठल्याही क्लासपेक्षा ते वाचणं भारी.

आणि हो, शाळा सुटायच्या आत टीचरना मेल टाकून समर रीडिंग आहे का विचारून घ्या. बऱ्याच शाळा देतात आणि पहिल्याच आठवड्यात त्यावर लिहायला बसवतात, असेल तर तुमच्या चारातली दोन तीच धरा.